बटण दाबल्यासारखी सुरू होणारी धडधड आणि ॲब्लेशन

माझी आत्या कराडला असते. चाळिशीपासून तिला एक त्रास होता. वाकून केर काढताना, कधी पूजा आटोपून उठताना, कधी नुसतं टीव्हीसमोर बसलेलं असताना अचानक छातीत धडधड सुरू व्हायची. "जीव घाबरा होतो गं," एवढंच ती सांगायची. आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने, आम्ही घरच्यांनी आणि डॉक्टरांनीसुद्धा, त्यातला 'घाबरा' तेवढा उचलला. टेन्शन घेऊ नका. झोप पुरी करा. पित्त असेल. वयही तसंच आहे. झोपेची अर्धी गोळी आणि ॲसिडिटीची एक कॅप्सूल यांवर अकरा वर्षं गेली. दवाखान्यात पोचेपर्यंत ठोके जागेवर आलेले असायचे, ईसीजीची पट्टी स्वच्छ निघायची, आणि ती उगाच घाबरते हे त्या स्वच्छ पट्टीवरून पक्कं व्हायचं.

तिच्या हृदयात विजेचा एक जादा मार्ग होता. जांघेतल्या शिरेतून आत घातलेल्या तारेने तो एका सकाळी, दोन तासांच्या आत, बंद करण्यात आला. या उपचाराला कॅथेटर ॲब्लेशन म्हणतात. अँजिओप्लास्टी आणि बायपास हे शब्द आपल्याकडे घरोघरी पोचले आहेत. ॲब्लेशन अजून पोचलेलं नाही. ते आधी माहीत असतं तर आत्याची निदान सात-आठ वर्षं वाचली असती, म्हणून हे लिहिते आहे.

अशी ती एकटीच नाही. १९९७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा धडधडीचं निदान शेवटी पक्कं झालेल्या १०७ रुग्णांचा मागचा इतिहास त्यात तपासला होता. निम्म्याहून अधिक जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता, आणि 'हे मनाचं आहे' असं सांगितलं जाण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त होतं. मला वाटतं, आपल्याकडे यात भाषेचीही भर पडते. छातीतल्या ठोक्यांसाठी आपण वापरतो ते सगळे शब्द भीतीचे आहेत: जीव घाबरणं, काळजात धस्स होणं, धाबं दणाणणं. डॉक्टरांकडे जाऊन आपण हेच बोलतो आणि मग आपल्याला भीतीवरचंच औषध मिळतं.

म्हणून आधी, नेमकं काय सांगायचं ते पाहू. काळजीने किंवा घाबरून वाढलेले ठोके चढण चढल्यासारखे वाढतात, ८० चे ९५, मग ११०, आणि ओसरतातही हळूहळू. या आजारात सगळं बटण दाबल्यासारखं होतं. एका क्षणी ७५ ठोके, पुढच्या क्षणी १८०. थांबतानाही तसंच, खटकन. वेग साधारण मिनिटाला १५० ते २५० च्या दरम्यान असतो आणि लय घड्याळासारखी एकसारखी असते. पुष्कळांना छातीपेक्षा गळ्यात जास्त धडधडतं. आणि एक गोष्ट, जी आत्या लाजेने कधी बोललीच नव्हती: त्रास झाला की तिला लघवीला भरपूर व्हायची, पुन्हा पुन्हा जावं लागायचं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण आला की तिथून एक संप्रेरक रक्तात येतं आणि ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला लावतं, त्याचा हा परिणाम. 'अचानक सुरू होते की हळूहळू?', 'गळ्यात उडतं का?', 'नंतर लघवीला जावं लागतं का?' हे तीन प्रश्न तिला अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारले गेले, तेव्हा तिने चमकून डॉक्टरांकडे पाहिलं, यांना कसं कळलं म्हणून.

यापेक्षाही मोलाचं काम म्हणजे धडधड चालू असतानाची ईसीजी पट्टी मिळवणं. ठोक्यांची २४ तास सलग नोंद ठेवणारं होल्टर मशीन लावलं तरी नेमका त्या दिवशी त्रास होत नाही, हा नेहमीचा अनुभव. त्यामुळे त्रास सुरू झाला की मोठं हॉस्पिटल शोधत बसू नका. सर्वांत जवळच्या, ईसीजी मशीन असलेल्या दवाखान्यात जा आणि पट्टी काढून घ्या. तिचा लगेच मोबाईलवर फोटो काढा, कारण काही पट्ट्यांवरच्या रेघा काळाने उडून जातात. हातातल्या घड्याळात ईसीजीची सोय असेल तर तीही चालते. आत्याच्या बाबतीत गल्लीतल्याच एका तरुण डॉक्टरने धडधड चालू असताना काढलेल्या वीतभर पट्टीने सगळं बदललं.

आता हृदयाच्या आत जाऊ. हृदय हा पंप आहे, पण तो विजेवर चालतो. उजव्या वरच्या कप्प्याच्या माथ्याशी पेशींचा एक पुंजका आहे, सायनस नोड. तो स्वस्थ माणसात मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेचा इशारा देतो. दिवसाला सुमारे एक लाख ठोके होतात. इशारा वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरतो आणि ते आकुंचन पावतात. वरचे आणि खालचे कप्पे यांच्यामध्ये मात्र वीज न वाहणारा पडदा असतो. खाली जायला त्यात एकच अधिकृत दरवाजा आहे, एव्ही नोड. सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने जर्मनीत काम करताना १९०६ साली त्याचं नेमकं वर्णन केलं. हा दरवाजा इशाऱ्याला सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ थोपवून धरतो. तेवढ्यात वरचे कप्पे आपलं रक्त खाली ओततात, आणि मग खालचे कप्पे ते अंगभर ढकलतात.

आत्यासारख्या माणसांत या दरवाजाशी एकाऐवजी दोन वाटा असतात. वरच्या गावातून खालच्या गावात जायला दोन रस्ते आहेत असं समजा. एक डांबरी हमरस्ता. गाडी भरकन जाते, पण त्यावर रेल्वेचं फाटक आहे आणि एक गाडी गेली की ते बराच वेळ बंद राहतं. दुसरा वळणावळणाचा कच्चा रस्ता. वेळ खातो, पण त्याचं फाटक लगेच उघडतं. नेहमीचे ठोके हमरस्त्याने जातात, काही अडत नाही. कधीतरी एखादा ठोका वेळेआधीच येतो. असे चुकार ठोके तुमच्या-माझ्याही हृदयात पडत असतात. त्याला हमरस्त्याचं फाटक बंद सापडतं, म्हणून तो कच्च्या रस्त्याने रखडत खाली पोचतो. तोवर हमरस्त्याचं फाटक उघडलेलं असतं. मग तो खालच्या गावाला इशारा देतोच, आणि शिवाय हमरस्त्याने उलटा वर येतो, वरून पुन्हा कच्च्या रस्त्याला लागतो, पुन्हा खाली, पुन्हा वर. एका फेरीला साधारण सेकंदाचा तिसरा हिस्सा, म्हणजे मिनिटाला १८० ठोके. सायनस नोड बिचारा बाजूला पडतो. या चक्रात वरचे आणि खालचे कप्पे जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतात. वरच्या कप्प्यांना खाली जाणारी झडप बंद सापडते आणि रक्ताचा धक्का उलटा मानेच्या शिरांत जातो. गळ्यातली धडधड ती हीच.

या प्रकाराचं वैद्यकीय नाव एव्हीएनआरटी. अचानक होणाऱ्या नियमित, जलद धडधडींमध्ये हा सर्वांत जास्त आढळतो आणि बायकांमध्ये अधिक. यात जिवाला सहसा धोका नसतो. पण कुठल्या क्षणी येईल याचा नेम नसतो. आत्याने एस.टी.चा लांबचा प्रवास सोडला होता, लग्नकार्यात पंगतीला वाढायला उभी राहत नव्हती, पोहायला जाणं तर केव्हाच बंद झालं होतं.

चक्र चालू असताना ते तोडायला त्यातला एक दुवा क्षणभर बंद पाडला तरी पुरतं. घरी करता येण्याजोगा उपाय म्हणजे श्वास कोंडून जोर करणं, पण तो नीट केला तरच उपयोग. इंग्लंडमध्ये २०१५ साली एका मोठ्या चाचणीत दोन पद्धतींची तुलना झाली. नुसतं बसून जोर केल्यावर १०० पैकी १७ जणांची धडधड थांबली. दुसऱ्या गटाने रेलून बसून १५ सेकंद जोर केला, लगेच त्यांना सपाट झोपवून कोणीतरी त्यांचे पाय ४५ अंशांत १५ सेकंद वर धरले. त्यांच्यात १०० पैकी ४३ जणांची थांबली. जोर किती, तर १० मिलीच्या सिरिंजमध्ये फुंकून तिचा दट्ट्या जेमतेम हलेल इतका. फुकटातला उपाय आहे. तुमच्या डॉक्टरांकडून एकदा समोर करून घ्या आणि घरातल्या एकाला पाय धरायला शिकवून ठेवा. धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर मात्र फुंकत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

हॉस्पिटलमध्ये ॲडेनोसिन नावाचं इंजेक्शन शिरेतून झटकन देतात. ते एव्ही नोड काही सेकंद बंद पाडतं. तेवढे सेकंद वाईट असतात, छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतं, मॉनिटरवरची रेघ सपाट होते. आधी सांगून ठेवलं नाही तर नातेवाईकांचंच अवसान गळतं. मग ठोके पूर्ववत सुरू होतात. पुन्हा होऊ नये म्हणून गोळ्या असतात. त्यांनी त्रास कमी होतो, काहींना तेवढं पुरतंही. पण दुसरा रस्ता तिथेच राहतो. वर्षातून एखाद्या वेळी दोन मिनिटं धडधड होऊन आपली आपण थांबत असेल, तर काहीच न करणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. वरचेवर होत असेल, गोळ्या सोसत नसतील किंवा आयुष्यभर घ्यायच्या नसतील, तर ॲब्लेशन.

ही कल्पना आली कुठून? आधी छाती उघडून शस्त्रक्रिया व्हायची. १९६८ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी एका मच्छीमाराच्या हृदयातला जादा मार्ग सुरीने कापला आणि त्याची धडधड थांबली. असा मार्ग तोडून आजार बरा होतो हे तेव्हा सिद्ध झालं. मग एक अपघात घडला. पॅरिसमध्ये एका रुग्णाला बाहेरून विजेचा झटका देताना तो चुकून हृदयात ठेवलेल्या तारेतून गेला आणि तिथला विद्युतमार्ग कायमचा बंद पडला. १९७९ साली ही हकिगत छापून आली. जे चुकून झालं ते मुद्दाम, योग्य जागी करता येईल का, हा प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोच्या मेल्व्हिन शाइनमन यांनी घेतला आणि १९८१ मध्ये माणसावर ते करून दाखवलं. पण तो झटका दांडगा होता, हृदयाच्या आत जणू छोटा स्फोट. १९८० च्या दशकात त्याची जागा रेडिओफ्रिक्वेन्सी प्रवाहाने घेतली. हा प्रवाह धक्का देत नाही, फक्त टोकाशी टेकलेला मांसाचा ठिपका तापवतो. १९९१ साली या पद्धतीचे मोठे निकाल प्रसिद्ध झाले आणि छाती उघडायची गरज जवळजवळ संपली.

'जाळणार' हा शब्द ऐकून आत्याचा पुन्हा धीर सुटला होता. प्रत्यक्षात जळतं किती? तारेचं टोक ज्वारीच्या दाण्याएवढं. त्याच्याशी टेकलेला भाग ५० अंश सेल्सिअसच्या वर गेला की तिथल्या पेशी मरतात आणि पुढे त्या जागी वीज न वाहणारा व्रण तयार होतो. तो साधारण तुरीच्या डाळीएवढा.

आत्याला पूर्ण भूल दिलेली नव्हती, जांघेत बधिर करण्याचं इंजेक्शन आणि थोडं गुंगीचं औषध. त्यामुळे तिला बरंच आठवतं. कॅथलॅब, म्हणजे जिथे या तारा घालतात ती खोली, थंडगार, दोन ब्लँकेटं घातली तरी हुडहुडी. छातीवर, पाठीवर चिकटवलेल्या थंड पट्ट्या. जांघेतल्या शिरेतून तीन-चार बारीक तारा वर सरकवल्या. त्या आत फिरल्याचं काहीच कळलं नाही, कारण रक्तवाहिन्यांना आतून स्पर्श जाणवत नाही. मग पलीकडच्या काचेमागून कोणीतरी आकडे सांगू लागलं आणि तिच्या छातीत जादा ठोके पडू लागले. तारांमधून मुद्दाम वेळेआधीचे ठोके देत होते, बंद फाटकाशी गाडी नेऊन उभी करावी तसे. दोनदा काही झालं नाही. ठोके वाढवणारं औषध सलाइनमधून सोडलं, पुन्हा प्रयत्न केला, आणि खटकन ती धडधड सुरू झाली.

डॉक्टर वाकून म्हणाले, "काकू, हीच का तुमची धडधड?"

"हीच, हीच," म्हणताना तिला रडू फुटलं. नर्सला वाटलं घाबरल्या, तिने हात धरला. आत्या सांगते, मला भीती नव्हती गं वाटत. अकरा वर्षं मी जे सांगत होते ते पहिल्यांदा पाच-सहा माणसं पडद्यावर बघत होती.

त्या तपासणीला ईपी स्टडी म्हणतात. तारा विजेची नोंद घेतात, कुठल्या वाटेने चक्र फिरतंय हे त्यावरून कळतं. मग धडधड थांबवून ॲब्लेशनची तार त्या कच्च्या रस्त्यावर, हृदयाच्या स्वतःच्या शिरेचं तोंड उजव्या वरच्या कप्प्यात उघडतं त्याच्या जवळ, टेकवतात. सगळं कौशल्य इथे आहे, कारण मुख्य दरवाजा तिथून फार तर दीड सेंटिमीटरवर असतो, आणि हृदय सतत हलत असतं. डॉक्टर पायाखालचं पेडल दाबून प्रवाह सोडतात, डोळे पडद्यावर. जागा बरोबर असेल तर एव्ही नोडच्या परिसरातून काही संथ ठोके उमटतात. ते हवेच असतात. पण ते ठोके वर पोचेनासे झाले की मुख्य दरवाजाला धग लागते आहे असं समजून पेडलवरचा पाय त्याच क्षणी उचलतात. अशा ३० ते ६० सेकंदांच्या काही खेपा. नंतर अर्धा तास थांबून पुन्हा पहिल्यासारखे ठोके देऊन धडधड उठते का ते पाहतात. आत्याची उठली नाही.

या प्रकारात १०० पैकी ९५ हून अधिक जणांचा आजार एकाच खेपेत जातो. धोक्याबद्दलही सरळ बोलायला हवं. सुमारे १०० त एक किंवा त्याहून कमी जणांत मुख्य दरवाजालाच इजा होते आणि कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. वयाच्या पंचविशीत पेसमेकर ही छोटी गोष्ट नाही. म्हणून हा आकडा सहीपूर्वी डॉक्टरांच्या तोंडून ऐकून घ्या. मार्ग दरवाजाच्या फारच जवळ असेल तर तापवण्याऐवजी गोठवण्याची तार वापरता येते. गोठवताना काही गडबड दिसली तर वेळीच थांबून ती जागा पुन्हा पूर्ववत होऊ शकते, हा तिचा मोठा फायदा. जांघेत रक्त साकळून काळंनिळं होणं मात्र बऱ्यापैकी नेहमीचं, ते आठवड्या-दोन आठवड्यांत जातं.

हे सगळं एका प्रकाराचं. वेगाने पडणारे सगळेच ठोके असे नसतात.

डब्ल्यूपीडब्ल्यू या आजारात वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यातच वीज वाहणारा चोरदरवाजा असतो. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी तो १९३० मध्ये वर्णन केला. याची खूण धडधड नसतानाच्या पट्टीवरही बहुधा दिसते. हा दरवाजा इशाऱ्याला थोपवून धरत नाही, त्यामुळे वरच्या कप्प्यांत गोंधळ माजला तर तो सगळा खाली उतरू शकतो आणि क्वचित जीवही जाऊ शकतो. अशा माणसाने वेळेत ॲब्लेशन करून घेणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एट्रिअल फ्लटर या तिसऱ्या प्रकारात वीज बहुधा उजव्या वरच्या कप्प्यात मिनिटाला सुमारे ३०० वेळा गोल फिरते. एका अरुंद पट्टीवर आडवी रेघ मारली की बहुतेकांचं चक्र तुटतं.

एट्रिअल फिब्रिलेशनची, म्हणजे एएफची, गोष्ट वेगळी आहे आणि सर्वांत जास्त गैरसमज तिथेच होतात. इथे एक ठरावीक चक्र नसतं. वरच्या कप्प्यांत वीज इतकी विस्कळीत फिरते की ते आकुंचन पावतच नाहीत, नुसते थरथरतात. नाडी अनियमित होते, एक ठोका मोठा, दोन बारीक, मध्येच खंड. वय वाढेल तसं हे वाढतं. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका साधारण पाचपट होतो. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांत ठिणगी कुठून पडते ते शोधलं. ६९ जागा सापडल्या आणि त्यांपैकी ९४ टक्के फुप्फुसांकडून डाव्या वरच्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या आत होत्या. म्हणून एएफच्या ॲब्लेशनमध्ये त्या चारही शिरांच्या तोंडांभोवती व्रणांचं कुंपण घालतात. ठिणगी पडली तरी कुंपणाच्या आत विझते.

त्यासाठी उजव्या बाजूने मधला पडदा सुईने भेदून डावीकडे जावं लागतं, वेळ जास्त लागतो, अनेकदा पूर्ण भूल देतात. आणि निकाल? एएफ येऊन-जाऊन असेल तर वर्षभरानंतर साधारण १०० त ७० ते ८० जण त्यातून मोकळे राहतात, सतत राहणाऱ्या एएफमध्ये त्याहून कमी. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ठोके पुन्हा बिघडले तर ॲब्लेशन फसलं असं धरत नाहीत, कारण आतली सूज अजून उतरलेली नसते. २०१९ मध्ये निकाल आलेल्या, २,२०४ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत ॲब्लेशन केलेल्यांचं आणि गोळ्या घेणाऱ्यांचं मृत्यू, पक्षाघात वगैरेंचं एकत्र प्रमाण ठामपणे वेगळं निघालं नाही. त्रास मात्र ॲब्लेशनने जास्त कमी झाला आणि जगणं सुकर झालं. हृदयाची ताकद कमी झालेल्या काही रुग्णांत जास्त फायदा दिसला आहे. तेव्हा एएफमध्ये 'आयुष्य वाढेल का' यापेक्षा 'मला याचा त्रास किती होतो' हा प्रश्न आधी विचारायचा. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ॲब्लेशननंतर किमान दोन महिने चालू ठेवायच्या असतात. पुढे त्या बंद करायच्या की नाही हे वय, बीपी, शुगर, पूर्वीचा पक्षाघात यांवर ठरतं. ठोके छान चालले आहेत म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या सोडलेल्या माणसाला पक्षाघात होणं, यासारखं टाळता येण्याजोगं दुःख नाही.

आपल्या देशात अजून एक मुद्दा आहे. लहानपणीच्या घसादुखीतून सांधेताप आणि त्यातून डाव्या बाजूची झडप अरुंद झालेले एएफचे रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यात आधी झडपेचा उपचार, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) पाहून घ्यायच्या असिट्रॉम, वॉरफरिनसारख्या जुन्या गोळ्याच. नव्या गोळ्या त्यांना चालत नाहीत. ॲब्लेशनची चर्चा त्यांच्यासाठी फार नंतरची.

एएफच्या ॲब्लेशनमध्ये जोखीमही जास्त. हृदयाला बारीक छिद्र पडून भोवती रक्त साचणं सुमारे १०० त एकाला, पक्षाघात त्याहून कमी. अन्ननलिका डाव्या वरच्या कप्प्याच्या अगदी पाठीला टेकून जाते. तिला धग लागून काही आठवड्यांनी भोक पडणं हा फार दुर्मीळ पण जीवघेणा प्रकार आहे. म्हणून एएफच्या ॲब्लेशननंतरच्या दोन महिन्यांत ताप आला, गिळताना दुखलं किंवा बोलण्यात गोंधळ वाटला, तर व्हायरल असेल म्हणून पॅरासिटामॉल घेऊन घरी बसू नका. जिथे ॲब्लेशन झालं त्याच टीमला कळवा, आणि दुसऱ्या डॉक्टरांनी एंडोस्कोपी सांगितली तर आधी ॲब्लेशन झाल्याचं सांगा, कारण अशा वेळी एंडोस्कोपी धोक्याची ठरू शकते. अलीकडे आलेल्या पल्स्ड फील्ड पद्धतीत उष्णतेऐवजी विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतात. त्या जागेच्या हृदयस्नायूच्या पेशी त्याने मरतात, अन्ननलिकेला मात्र फारशी झळ पोचत नाही. अमेरिकेत तिला डिसेंबर २०२३ मध्ये पहिली मान्यता मिळाली. वजन, बीपी, दारू आणि घोरणं यांकडे लक्ष दिलं नाही तर कुठल्याही पद्धतीचा निकाल टिकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की १० टक्के वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांत एएफपासून मुक्त राहण्याची शक्यता सहापट होती.

खालच्या कप्प्यांतून उठणारे वेगवान ठोके सर्वांत गंभीर. जुन्या हार्ट अटॅकच्या व्रणाभोवती वीज फिरू लागते. तिथे शरीरात बसवलेलं, झटका देणारं यंत्र जीव वाचवतं आणि ॲब्लेशन झटके कमी करतं. बहुतेकदा दोन्ही लागतात.

हे काम करणारे हृदयरोगतज्ज्ञही वेगळे. अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर हृदयाची नळदुरुस्ती करतात, इथे वायरमन लागतो. इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट असं विचारा, हॉस्पिटलात त्यांना ईपीचे डॉक्टर म्हणतात. वर्षाला अशी किती ॲब्लेशन करता, हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. एएफसाठी लागणारं त्रिमितीय मॅपिंग, म्हणजे हृदयाच्या आतला नकाशा, आणि खास कॅथेटर महाग असतात, आत्यासारख्या साध्या धडधडीचा (डॉक्टर तिला एसव्हीटी म्हणतात) खर्च त्यामानाने बराच कमी येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत यांतून होतं का, हे त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. धडधडीच्या गोळ्या काही दिवस आधी बंद करायला सांगतात, नाहीतर ईपी स्टडीत धडधड उठतच नाही; पण कोणती, किती दिवस, हे डॉक्टरच सांगतील. रक्त पातळ करणारी गोळी तर विचारल्याशिवाय चुकवायचीच नाही.

आत्या त्या दिवशी चार-पाच तास पाय सरळ ठेवून पडून होती, दुसऱ्या दिवशी घरी आली. आठवडाभर पाण्याची बादली उचलायची नाही एवढंच पथ्य. पंधराव्या दिवशी पहाटे तिचा फोन आला, "परत लकलकलं." असे एकटेदुकटे चुकार ठोके नंतर काही आठवडे पडतात. ते पडले तरी फिरायला आता दुसरा रस्ता नसतो, म्हणून जागीच विरतात. मी फोनवरच तिला नाडी मोजायला लावली. ७२. त्यानंतरही कितीतरी दिवस वाकून केर काढून झाला की तिची दोन बोटं आपोआप मनगटावर जायची आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहायची.